तेल बदललं आणि नानकटाई पसरली!

दोस्तांनो, आधी माझी एक फजिती सांगते, मग पुढचं.

गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी आमच्या भोरच्या घरी नानकटाईचा बेत ठरला. मैदा चाळून झाला, साखर दळून झाली, वेलदोडे कुटले, आणि तुपाचा डबा उघडून बघते तर काय! चमच्याने खरवडून निघेल एवढंच तूप! दुकानात जायचा आला कंटाळा. ओट्यावर वेल्ह्याकडच्या एका गावाहून आलेली कारळ्याच्या तेलाची बाटली उभी होती. ताजं, घाण्याचं तेल. म्हटलं, तूप स्निग्ध, तेलही स्निग्ध. वाटीभर तुपाच्या जागी वाटीभर तेल. बिघडतंय काय?

काय बिघडलं ते ऐका. गोळे वळतानाच हात तेलकट व्हायला लागले आणि गोळे बसके दिसायला लागले, तरी मी हटले नाही. ट्रेमध्ये बारा गोळे नीट अंतर सोडून ठेवले. दहा मिनिटांनी ओव्हनच्या काचेतून डोकावले, तर बाराच्या जागी एकच नानकटाई! सगळे गोळे पसरत पसरत एकमेकांना जाऊन मिळाले होते. चव? अगदीच वाईट नव्हती. पण वास थेट कारळ्याच्या चटणीचा. चटणीत चुकून साखर पडावी तसं काहीतरी लागत होतं. घरातल्या मुलांनी ती लादी तोडून तोडून दुधाबरोबर संपवली आणि वर चार दिवस माझी यथेच्छ चेष्टा केली.

मला मात्र चैन पडेना. तेल उत्तम, मैदा उत्तम, कृती आईच्या वहीतली. मग चुकलं कुठे?

चुकलं असं की, तेल निवडताना मी फक्त 'स्निग्ध आहे ना?' एवढंच विचारलं. 'या पदार्थात त्याला काम कोणतं आहे?' हे विचारलंच नाही. आणि गंमत सांगू? हा प्रश्न एकदा विचारायची सवय लागली ना, की कोणत्या तेलाच्या जागी कोणतं तूप चालेल आणि कोणतं चालणार नाही, हे तुम्हालाही पुस्तक न उघडता सांगता येईल. कसं ते पाहू. पण आधी त्या बाटलीची ओळख करून घेऊ, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी ते तेल पाहिलंही नसेल.

पिवळे डोंगर

पावसाळा सरता सरता, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी नसरापूरहून वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळहून भोरकडे आलात, तर डोंगरउतारांकडे नीट बघा. खाचरांत भात उभा असतो आणि वरच्या उतारावर मधूनच हळदीचा हात फिरवावा तसे पिवळे पट्टे दिसतात. ती कारळ्याची फुलं! कोणी कारळा म्हणतात, कोणी खुरासणी. सूर्यफुलाच्याच कुळातलं हे झाड. फूल बघितलंत तर लहानसं सूर्यफूलच वाटेल. नाव खुरासणी असलं तरी मूळ आहे आफ्रिकेतल्या इथिओपियाचं, बरं का! आजही इथिओपिया आणि भारत हेच कारळा पिकवणारे मोठे देश आहेत.

डोंगरउताराच्या या हलक्या जमिनीला इकडे 'वरकस' म्हणतात. माती थोडी, पाणी लगेच वाहून जाणारं. जुनी रीत अशी की, पहिल्या वर्षी तिथे नाचणी करायची, दुसऱ्या वर्षी वरई आणि मातीचा कस उतरला की शेवटी कारळा. मग जमीन काही वर्षं पडीक ठेवायची. म्हणजे ज्या जमिनीत दुसरं काही धड येणार नाही, तिथे हे गुणी पीक तेल देऊन जातं. शिवाय याला मधमाश्या लागतात. स्वतःच्याच परागावर कारळ्याला धड बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो. म्हणून कारळा फुलला की उतारावर नुसती गुणगुण चालू असते.

बी असतं काळंभोर, चकचकीत, सुईसारखं बारीक. काही दुकानदार त्याला 'काळे तीळ' म्हणून पुडी बांधून देतात, पण तीळ वेगळा आणि कारळा वेगळा! शंभर किलो बियांत साधारण तीस ते चाळीस किलो तेल असतं. घाण्यातून त्याहून कमी हाती येतं. उरलेली पेंड म्हशीला. रोजची भाजी, फोडणी, भाकरीवर घ्यायचं तेल, सगळं घरच्या कारळ्याचं, अशी सवय या मावळातल्या कितीतरी आजी-आजोबांना होती. तुमच्या ओळखीत इकडची कोणी आजी असेल तर विचारून बघा. तेलाची नाही तर निदान चटणीची आठवण ती नक्की सांगेल.

आता मूळ प्रश्नाकडे. हे इतकं चांगलं तेल नानकटाईत का हरलं?

सरळ काटक्यांची मोळी, वाकड्या काटक्यांची मोळी

तुम्ही कधी मोळी बांधलीय? सरळसोट काटक्या असल्या तर त्या एकमेकींना चिकटून बसतात, मोळी कशी घट्ट होते. पण वाकड्यातिकड्या फांद्या असल्या तर कितीही आवळा, मध्ये फटी राहतातच आणि मोळी ढिली ती ढिलीच.

तेलातुपाचं अगदी असंच आहे. प्रत्येक तेल किंवा तूप हे बारीक बारीक लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. त्या साखळ्यांना म्हणतात मेदाम्लं. काही मेदाम्लं सरळ असतात, ती संपृक्त. काहींना मध्ये एक किंवा अधिक बाक असतो; ती असंपृक्त. तुपात, खोबरेल तेलात सरळ काटक्या जास्त; म्हणून थंडी पडली की ती घट्ट बसतात आणि गोठतात. खोबरेल तर २४-२५ अंशांच्या खाली उतरलं की गोठायला लागतं. हिवाळ्यात डोक्याला तेल लावायच्या वेळी आई बाटली गरम पाण्यात धरते, ती याचसाठी! शेंगदाण्याच्या तेलात बहुतेक काटक्या एका बाकाच्या किंवा दोन बाकांच्या. सूर्यफूल, करडई आणि आपला कारळा यांच्यात दोन बाकांच्या काटक्यांचं राज्य. कारळ्याच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्ल नावाच्या दोन बाकांच्या मेदाम्लाचा असतो. हे मेदाम्ल आपल्या शरीराला लागतं, पण शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. म्हणून कारळ्याचं तेल पौष्टिक खरं, पण मोळी मात्र ढिली! थंडीतही ते वाहतंच.

आणि नानकटाईला हवी असते घट्ट मोळी. का ते बघा.

नानकटाई करताना आई तूप आणि साखर फेटत बसते. पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत फेट, फेट, फेट! तेव्हा काय होतं? साखरेच्या कणांबरोबर हवेचे बारीक बुडबुडे आत ओढले जातात आणि थिजलेलं तूप त्यांना धरून ठेवतं. ओव्हनमध्ये हेच बुडबुडे फुगतात आणि नानकटाई हलकी होते. पातळ तेल कितीही फेटा, बुडबुडे येतात तसे निघून जातात. दुसरी गोष्ट, तूपसुद्धा ओव्हनमध्ये वितळतंच की! पण त्याला वितळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात गोळ्याची कड शेकून उभी राहते. माझ्या गोळ्यांना तो वेळ मिळालाच नाही, कारण तेल आधीपासूनच वितळलेलं!

एकच तूप, कामं चार

आता दिवाळीच्या फराळाचे डबे एकेक करून उघडू. प्रत्येक डब्यात तेलातुपाचं काम निराळं आहे.

बेसनाचा लाडू घ्या. पाक नाही, गूळ नाही, मग तो लाडू एकत्र राहतो कशाने? तुपाने! भाजलेलं बेसन गरम असताना तूप पातळ असतं. गार होताना ते थिजतं आणि बेसनाच्या कणांना एकमेकांशी बांधतं. म्हणजे इथे तूप हे गवंड्याचं सिमेंट आहे. तेलात बेसन भाजून लाडू वळायला बसाल तर रात्रभर वळत बसाल! रव्याच्या पाकातल्या लाडवाचं तसं नाही. तिथे बांधायचं काम साखरेचा पाक करतो, तूप असतं रवा भाजायला आणि चवीला. म्हणून तिथे तूप थोडं कमी पडलं तर लाडू रुसत नाही.

शंकरपाळी नि करंजी यांच्या पिठात आपण घालतो मोहन. कढत तेल किंवा तूप पिठावर ओततात, ते चर्र करतं आणि मग पीठ दोन्ही हातांनी चोळतात. मुठीत दाबून बघायचं, मुटका झाला की मोहन बरोबर. त्याचं काम काय? मैद्याला पाणी लागलं की त्यात ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते. पोळी लाटताना ती ताणली जाते ना, ती या जाळीमुळेच. पण करंजी चिवट झाली तर कोण खाईल? मोहन पिठाच्या कणांना तेलाचा अंगरखा घालतं. पाणी आत पोचत नाही, जाळी लांबलचक होत नाही आणि करंजी खुसखुशीत होते. हे काम तेलालाही छान जमतं. इथे तुपाऐवजी तेल बेलाशक घाला, फक्त वास नसलेलं किंवा मंद वासाचं. मात्र मोहन जास्त झालं तर जाळी इतकी तुटते की शंकरपाळी कढईत विरघळते, हेही लक्षात ठेवा.

चिरोटे मात्र तेलाला दाद देत नाहीत. चिरोट्याच्या पोळ्यांमध्ये आपण साटा लावतो. तूप फेटून त्यात तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर मिसळलेला. घट्ट तूप दोन पोळ्यांच्या मध्ये पडद्यासारखं उभं राहतं, म्हणून तळताना पदर सुटतात. पातळ तेल लावलं तर ते पिठातच मुरतं आणि पदर एकमेकांना चिकटतात. चिरोटा राहतो, पण त्याचं पुस्तक उघडत नाही!

आणि नाचणीची बिस्किटं? आपल्या मावळातलं धान्य, हल्ली सगळीकडे आवडीने करतात. नाचणीत ग्लुटेन मुळातच नाही. त्यामुळे जाळी तोडायचा प्रश्नच येत नाही. उलट बिस्कीट फुटू नये ही काळजी! इथे थिजणारं तूप बांधणीचं काम करतं, लाडवासारखं. नुसत्या तेलात केलीत तर उचलताना भुगा हातात येईल. अर्धी कणीक घातलीत तर मग तेलही थोडंफार चालतं.

केकचा विषय शाळकरी मंडळींना सगळ्यांत प्रिय, तेव्हा तिथे जरा थांबू. पुष्कळ पुस्तकांत 'लोणी १०० ग्रॅम' असं लिहिलेलं असतं. बाजारातल्या बटरमध्ये स्निग्ध भाग निदान ८० टक्के आणि पाणी १६ टक्क्यांपर्यंत असतं. थोडं मीठही असतं. तेल आणि तूप मात्र जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम तेल घातलं की केक तेलकट! घालायचं ८० ग्रॅम तेल किंवा तूप, आणि राहिलेल्या पाण्यासाठी एक मोठा चमचा दूध. वाटीच्या मापाने एक वाटी बटर म्हणजे पाऊण वाटीहून किंचित जास्त तेल. माझी नानकटाई आणखी पसरली त्याचं एक कारण हेही होतं, की फेटलेल्या तुपाच्या वाटीत हवाही असते. मी मात्र तेलाची वाटी काठोकाठ भरली होती. घरच्या लोण्याचं काय? त्यात पाणी किती आहे ते ताक घुसळणाऱ्या हातावर अवलंबून. म्हणून केकला घरचं लोणी वापरायचं तर मापाच्या भरवशावर राहू नका, पिठाच्या घट्टपणाकडे बघा.

पण केकच्या बाबतीत तेल कायम हरतं असं समजू नका हं! गाजराचा, केळ्याचा किंवा चॉकलेटचा केक तेलात जास्त मऊ होतो. तिथे फुगवायचं काम सोडा किंवा बेकिंग पावडर करते. फ्रिजमध्ये ठेवला तरी तेल गोठत नसल्यामुळे केक दुसऱ्या दिवशी विटेसारखा कडक होत नाही. बटरचा केक फ्रिजमधून काढून लगेच खाल्लात, तर फरक दाताखालीच कळेल.

तळणीचं काम आणखी वेगळं. तिथे तेलाला तापणं सोसावं लागतं. लोण्यात दुधाचे कण असतात, ते १५० अंशांच्या आसपास काळे पडायला लागतात, म्हणून लोण्यात पुरी कोणी तळत नाही. तेच लोणी कढवून बेरी गाळून टाकली की तूप होतं आणि तूप २५० अंशांपर्यंत धूर काढत नाही. शेंगदाण्याचं तेल तळणीला चांगलं. कारळ्याच्या तेलातल्या दोन बाकांच्या काटक्यांना मात्र हवा नि उष्णता लवकर बाधते. म्हणून ते फोडणीला, भाजीला उत्तम. पण पाच-पाच घाणे तळायला आणि उरलेलं तेल पुन्हा वापरायला नको. याच कारणाने ते लवकर खवटही होतं. थोडं आणावं, गडद बाटलीत, अंधारात ठेवावं. (तळणीजवळ मोठं माणूस हवंच. आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतायचं नाही! गॅस बंद करून वर झाकण टाकायचं.)

पिवळ्या डब्यातलं तूप

'तुपाच्या जागी दुसरं काहीतरी' हा प्रश्न काही माझ्याच घरी पहिल्यांदा पडला नाही. तुमच्या पणजीलाही पडला होता. साजूक तूप महाग, आणि तेलाने लाडू वळत नाहीत! मग काय करायचं? उत्तर आलं रसायनशास्त्राकडून. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ साली तेल घट्ट करायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. निकेल धातूची पूड घालून गरम तेलातून हायड्रोजन वायू सोडायचा. म्हणजे वाकड्या काटक्या सरळ करायच्या! मोळी घट्ट, तेलाचं 'तूप' तयार. भारतात १९३७ साली डालडा आला, आणि ताडाच्या झाडाचं चित्र असलेला तो पिवळा डबा घरोघरी पोचला. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. लोक तर कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणायला लागले. आमच्या लहानपणी मैदा, साखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचं नि भट्टीतून नानकटाई भाजून आणायची, हा दिवाळीचा आणि मे महिन्याच्या सुट्टीचा एक कार्यक्रमच असे. त्या नानकटाया काय सुरेख फुलायच्या!

पण त्याच डालड्याचा बेसनाचा लाडू टाळूला चिकटायचा. आठवतंय का, विचारा आईबाबांना. आपल्या तोंडाची ऊब ३७ अंशांची. साजूक तूप तेवढ्यात वितळून जातं. वनस्पती तुपातला काही भाग त्याहून जास्त उष्णतेला वितळणारा असतो, तो टाळूला मेणासारखा बसतो.

लबाड व्यापाऱ्यांना मात्र यात संधी दिसली. साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर ओळखणार कसं? यावर काढलेली तोड मला फार आवडते. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल मिसळायची कायद्याने सक्ती केली गेली! तिळाच्या तेलात एक घटक असा आहे की, विशिष्ट आम्लाबरोबर आणि रसायनाबरोबर हलवलं की लाल रंग येतो. म्हणजे साजूक म्हणून विकलेल्या तुपाला प्रयोगशाळेत लाली चढली, की चोरी पकडली! तीळ झाला गुप्तहेर! (हा प्रयोग तीव्र आम्लाचा आहे, घरी करायचा नाही.)

पुढे कळलं की काटक्या सरळ करताना काही अर्धवटच सरळ होतात. त्या बाकासकट वेगळ्याच प्रकारे ताठ होतात. त्यांना 'ट्रान्स' मेदाम्लं म्हणतात. ही हृदयाला सगळ्यांत वाईट, असं संशोधनातून दिसून आलं. तुपाच्या जागी स्वस्त म्हणून आणलेला पाहुणा असा महागात पडला. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ट्रान्स मेदाम्लं दोन टक्क्यांहून जास्त असायला बंदी आहे. मग आता बिस्किटं कशाने खुसखुशीत होतात? घरातला बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक पुड्यांवर 'पामतेल' सापडेल. त्यात सरळ काटक्या जवळजवळ निम्म्या, म्हणून हायड्रोजनची भानगड न करताही ते दाट राहतं.

घाटाखालचं तूप

भोरहून वरंध घाट उतरलात की कोकण. घाटाच्या वर कारळा आणि घाटाच्या खाली? तिथे एका झाडाच्या बियांतून चक्क घट्ट तूप निघतं! कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर स्निग्ध भाग तरंगतो. तो काढून त्याचे गोळे वळतात. हे कोकमतेल. नाव तेल, पण हातात धरता येतं! ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. कोकणात थंडीत फुटलेल्या टाचांना ते लावतात आणि खायलाही वापरतात. आणखी ऐका. चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते महाग. त्याच्या जागी थोड्या प्रमाणात, पाच टक्क्यांपर्यंत, कोणते स्निग्ध पदार्थ चालतील याची यादी युरोपीय संघाने २००० साली केली. यादीत नावं फक्त सहा. त्यातलं एक आपलं कोकम! घट्टपणात आणि वितळण्यात ते कोको बटरच्या जवळचं, म्हणून त्याचं काम करू शकतं. युरोपातल्या चॉकलेटवाल्यांनीसुद्धा शेवटी तोच प्रश्न विचारला की नाही?

बाटली रिकामी होण्याआधी

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफुलाचं पुष्कळसं युक्रेन नि रशियातून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, एप्रिलच्या अखेरीला इंडोनेशियाने काही आठवडे पामतेल पाठवणंच थांबवलं आणि इकडे आपल्या वाण्याकडे तेलाचे भाव भडकले. तेव्हा घराघरांत तेच चाललं होतं. याच्या जागी ते चालेल का? त्याच्या जागी हे?

आणि या सगळ्यात आपला कारळा कुठे आहे? उतारावरचे पिवळे पट्टे विरळ झालेत. वरकस जमीन कसायला हात लागतात, नि हात पुण्या-मुंबईला गेले. पिशवीतलं तेल दुकानात आयतं मिळायला लागलं. गावचा घाणा बंद पडला, की मूठभर कारळा पिकवला तरी गाळायचा कुठे? आणि गाळायची सोय नाही म्हटल्यावर पेरायचा तरी कशाला? भारतातला कारळा परदेशात मात्र जातो. अमेरिकेत, युरोपात अंगणात येणाऱ्या छोट्या पाखरांना खाऊ म्हणून! अमेरिकेत शिरण्याआधी त्याला चांगला शेक देतात, म्हणजे त्यात चुकून अमरवेलीचं बी मिसळलं असेल तर ते तिकडे रुजू नये. पाखरांनी खाल्ला याचं मला वाईट वाटत नाही. पण पाखरांना माहीत असलेली चव भोरच्या शाळेतल्या मुलाला माहीत नसावी, हे जरा खटकतं.

म्हणून माझ्या त्या बाटलीचं पुढे काय केलं ते सांगते. नानकटाई दुसऱ्या दिवशी रीतसर साजूक तुपात केली. कारळ्याचं तेल मी चॉकलेट केकमध्ये निम्मं आणि दुसरं बिनवासाचं निम्मं असं घालून पाहिलं. कोकोच्या वासापुढे त्याचा वास दबला, केक मऊ झाला आणि चेष्टा करणाऱ्यांनी तो मुकाट्याने संपवला. वांग्याच्या भाजीला तेच तेल घातलं. पण खरी मजा आली ती गरम नाचणीच्या भाकरीवर कारळ्याची चटणी घेऊन, मध्ये बोटाने खळगा करून, त्यात कच्चं तेल ओतलं तेव्हा. तिथे ते तूप होऊच शकत नाही, आणि तूपही तिथे त्याच्या जागी उभं राहू शकत नाही.

करून पाहा

डिसेंबरात थंडी पडली की चार छोट्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत तूप, एकीत खोबरेल, एकीत शेंगदाण्याचं तेल आणि एकीत सूर्यफुलाचं किंवा मिळालं तर कारळ्याचं. रात्री खिडकीत ठेवा. सकाळी सूर्य वर यायच्या आत बाटल्या आडव्या करून बघा, कोण गोठलं, कोण वाहतंय. मग त्याच बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. शेंगदाण्याच्या तेलाकडे विशेष लक्ष द्या, ते आता काही निराळंच दिसेल! वहीत तारीख, वेळ आणि जमलं तर तापमान लिहा. आणि हो, तुमच्या गावाजवळ अजून कारळा गाळून देणारा घाणा चालू असेल, तर गावाच्या नावासकट आम्हाला पत्र पाठवा. माझी बाटली संपत आली आहे.